दीपगृहाच्या विधवेचा निकाल

एलिसेओला पुरून पाच आठवडे झाले, तरी त्याच्या धाकट्या भावाला, निबाल्दोला, काही म्हणता काही वाटत नव्हतं. कामावर जायचा, कपडे धुवायचा, कुणी विचारलं तर बरं आहे म्हणायचा. दुखत नसलं की बरं आहे असंच म्हणतात.

शनिवारी दुपारी तो सवयीने चिलीतल्या ताल्काउआनोच्या बाजारामागच्या दोन्या यास्नाच्या, म्हणजे यास्नाबाईंच्या, दुकानात गेला. तिथे पत्त्यांचा एक लढाईचा खेळ चालायचा; तो काढणारी कंपनी बुडून चौदा वर्षं झाली होती. नियम सांगायला वर कुणीच नव्हतं, म्हणून दुकानात जमणारी, दोघा भावांसकट आठ टाळकी पत्त्यांवर छापलेल्या शब्दांचा कीस काढायची आणि लागलेला निकाल शाईने वहीत लिहायची. अट अशी, की विरुद्ध बाजूने कुणीतरी भांडलंच पाहिजे. बिनविरोध निकाल वहीत चढत नसे. आणि भांडणाऱ्यांपैकी एकाचं बोलणं संपेपर्यंत मतदान नाही.

एक पत्ता मात्र लटकलेलाच होता, ‘दीपगृहाची विधवा’. त्यावर लिहिलं होतं: ही मैदानात असताना तुमचं कुणी मेलं, तर त्याला हातात परत घ्या. पण ‘महालाट’ हा पत्ता टाकला की मैदानातले सगळे एकदम मरतात, विधवेसकट. मग बाकीचे परत येतात की नाही? एलिसेओ म्हणायचा, येतात, कारण मरतामरता तिने त्यांना पाहिलंय. निबाल्दो म्हणायचा, परत घ्यायच्या वेळी ती असते कुठे? दोघे यावरून आईच्या जेवणाच्या टेबलावर भांडले, एकमेकांच्या वाढदिवसाला भांडले, इस्पितळातही भांडले. दोघांपैकी कुणाचंच बोलणं कधी संपलं नाही.

आता एकाचं संपलं होतं.

“आम्ही ठरवलंय, निबा,” वही सांभाळणारा गामालिएल म्हणाला, “एलिसेओच्या बाजूने निकाल देऊन टाकू. त्याची आठवण म्हणून. तुझं काय?”

“माझं काही म्हणणं नाही.”

गामालिएलने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं. विरोध कुणाचाच नव्हता. निबाल्दोच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं. आपण गप्प बसलो तर निकाल लागणार नाही, भांडण तसंच राहील. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी हवंसं वाटलं. तो ओठ मिटून बसला.

“मी विरुद्ध,” गरम तळलेल्या सोपाइपियांची ताटली आदळत दोन्या यास्ना म्हणाली.

“अहो, आज तरी...” गामालिएल म्हणाला.

“आज काय आहे? गेला म्हणून शहाणा झाला का तो? जी मेली, ती कुणाला कशी परत आणेल? इस्पितळात तोंडावर सांगितलं होतं मी त्याला. नाकात नळी, तरी दोन दिवस तोंड फिरवून पडला होता माझ्याकडे पाठ करून! आणि तुम्ही त्याला कीव करून जिंकवताय. लाजा नाहीत?”

सगळे खाली बघायला लागले. मग हात वर झाले. तीन बाजूने, तीन विरुद्ध. राहिला निबाल्दो.

भावाच्या बाजूने हात वर केला असता तर सगळ्यांनी पाठ थोपटली असती. एलिसेओने मात्र आईमाई काढली असती. खोटं मत त्याला सोसत नसे, आणि निबाल्दोलाही ते कधी देता आलं नव्हतं.

“नाही येत परत,” तो म्हणाला.

गामालिएलने लिहिलं, खाली तारीख टाकली आणि शाईवर फुंकर घातली.

“जिंकलास की रे शेवटी,” कुणीतरी म्हणालं.

निबाल्दोने मान हलवली. समोरून आता काय येणार ते त्याला पाठ होतं, त्याला द्यायचं उत्तरही तयार होतं. तो वाट बघत राहिला. एकाने पत्ते पिसायला घेतले.

“दोन्या यास्ना,” तो म्हणाला, “मरतामरता तिने पाहिलेलं असतं ना त्यांना?”

“निकाल लागला, बाळा. खा, गार होतंय.”

“माहीत आहे. पण कुणीतरी म्हणा ना, की मी चुकलो.”

सहाही जण त्याच्याकडे बघत होते. सगळ्यांनाच वाईट वाटत होतं. दोन्या यास्नानेसुद्धा नुसती ताटली त्याच्याकडे सरकवली.