कोरी अधेली

साळूबाईनं पदराची गाठ दातानं सोडली, आतला कापसाचा बोळा हुकमचंद सराफाच्या गादीवर ठेवला आणि हळूच उकलला. आत चांदीची हाली अधेली होती, निजामाच्या राज्यातला अर्धा रुपया. ती उचलायला गेली, तोच हुकमचंदानं हात आडवा घातला.

"थांब, बाई. बोट लावू नको."

त्यानं अधेली कडांना धरून उचलली आणि दारातल्या उजेडात तिरपी केली. नाण्यावर उठवलेल्या चारमिनारच्या चारी मिनारांवर टांकसाळीची दुधट झळाळी तशीच होती. काठाचे कंगोरे बोटाला खरखरीत लागत होते. ही कुणी बाजारात चालवलेली नव्हती, की सणासुदीला चिंचेनं घासलेली नव्हती.

हाली नाणं बंद होणार असा बोभाटा झाल्यापासून कुंभार पिंपळगावच्या बाजाराला येणारे लोक जुनं नाणं मोडीत घालायला त्याच्याकडे येत. किती रुपये वितळले त्याला गणती नाही. पण माणसाला एखादी खोड असते, तशी हुकमचंदालाही होती. जे नाणं थोडंच पाडलं गेलं ते तो बाजूला काढी, आणि तेही कोरं असेल तरच. रुपया सगळ्यांना हवा, पावली सगळ्यांना हवी. मधल्या अधेलीला विचारतो कोण? म्हणून ती कमी पाडली, असं त्याचं म्हणणं. झिजक्या आल्या, भोकं पडलेल्या आल्या. त्या सरळ मुशीत गेल्या. अशी नाणी ठेवायच्या त्याच्या शिसवी पेटीतले सगळे खण भरले होते, अधेलीचा तेवढा रिकामा. त्याची बायको जमनाबाई म्हणायची, "लोक चांदी विकून पोट भरतात, आमचे हे चांदी बघून भरतात."

"कुठून आणली?" त्यानं विचारलं.

"माझीच हाय. लग्न झालं त्याच वर्साला सासूनं दिल्ती. मंग तशीच ठेवली. हात सुदिक लावला न्हाई."

"बराबर केलं," हुकमचंद मनापासून म्हणाला. "बिलकुल बराबर केलं. बोल, काय देऊ?"

पैपैसाठी घासाघीस करणारा माणूस, पण आज त्याला भाव करायचाच नव्हता.

"इकायची न्हाई, शेटजी. कडी लावायची हाय."

तेव्हा कुठं त्यानं तिच्या मांडीकडे नीट पाहिलं. टोपडं घातलेली पोर तिथं झोपली होती. मघाशी ती दिसली नव्हती असं नाही. पण अधेली समोर असताना हुकमचंदाला हत्ती आला तरी दिसला नसता.

ओट्यावर शेगडीपाशी बसलेल्या मच्छिंद्र सोनारानं फुंकणी खाली ठेवली आणि शेटजींकडे पाहिलं. त्या रिकाम्या खणाची त्याला कल्पना होती.

हुकमचंदानं घसा साफ केला.

"साळूबाई, ऐक. मी तुला अख्खा रुपया देतो. कडी लावून, वर चांदीची साखळी. पोरीच्या गळ्यात तोच शोभंल. ही मला दे."

"सासूनं हीच दिल्ती. लेकराच्या गळ्यात घाल म्हन्ली."

"अगं, कडी जोडायला तापवून डाग दिला की मातीमोल झाली ही. अशी दुसरी मिळायची न्हाई. माझ्याकडं राह्यली तर जन्मभर कोरी राहील."

साळूबाईनं पोरीचं टोपडं सारखं केलं.

"कोरी ठेवून काय करता, शेटजी?" ती म्हणाली. "बारा वर्सं मी ठेवली की. दर दिवाळीला उकलून बघायची, अन् पुन्ना बांधायची."

'बराबर केलं' हे आपलेच शब्द हुकमचंदाला आठवले आणि लाज वाटली. हातातोंडाशी आलेला घास जातोय याचं वाईटही वाटलंच, खोटं कशाला बोला. अधेली त्यानं आणखी एकदा उजेडात फिरवली आणि ओट्याकडे हात लांब केला.

"डाग कुठं देऊ?" मच्छिंद्रनं विचारलं.

"वरच्या काठाला. मिनारांना धक्का लावू नको."

शेगडी फुलली. तापता तापता चांदी आधी काळवंडली, मग लाल झाली, आणि ती दुधट झळाळी गेली. हुकमचंद शेवटपर्यंत बघत बसला. मच्छिंद्रनं अधेली रिठ्याच्या पाण्यात घासून दिली, तेव्हा ती चारचौघींसारखी चकचकीत झाली होती.

साळूबाईनं काळा दोरा ओवून ती पोरीच्या गळ्यात बांधली. पोर जागी झाली, चाचपडली आणि तिनं चारमिनार सगळाच्या सगळा तोंडात घातला.

"दात येऊन राह्यलेत," साळूबाई म्हणाली, आणि हसली. "मजुरी किती झाली?"

"राहू दे. पोरीला पहिल्यांदाच बघितलं मी."

ती गेल्यावर कापसाचा बोळा गादीवरच राहिला होता. त्यात अधेलीएवढा गोल खळगा पडला होता. हुकमचंदानं तो उचलला, पेटी उघडली आणि रिकाम्या खणात ठेवला.

जेवायला बोलवायला जमनाबाई आतून आली, तिनं वाकून पाहिलं.

"पेटीत कापूस कशाला?"

"जागा भरली," हुकमचंद म्हणाला आणि झाकण लावून हात धुवायला उठला.