वानराला पांघरलेली घोंगडी

मी घोंगडी. हात लावण्याआधी माझं जरा ऐका.

आटपाडीकडच्या माळावर कोंडीबा धनगराच्या मेंढरांची मी लोकर. चिंचोक्याची खळ पाजून त्यानं मला ताठ केलं. कोयनानगरच्या वरच्या अंगाला, रानाला लागून असलेल्या वाडीतल्या नाथाजीनं मला घेतलं. त्या घरात कोण रुसलं, कोण उपाशी निजलं, मला सगळं ठाऊक.

चौऱ्याहत्तर साली शिमग्याच्या आधी रानातली वानरं मरू लागली. एक नाथाजीच्या परसात येऊन पडलं. वानर म्हणजे मारुतीराया, त्याला उघडं कसं न्यायचं? नाथाजीनं त्याला माझ्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं. पुढं हलगी, मागं बायका. त्याला माती दिली आणि मला परत आणलं.

वानर गार पडलं तशा त्याच्या अंगावरच्या बारीक गोचड्या माझ्यात शिरल्या होत्या. मेंढराच्या लोकरीला गोचडीचं काय नवल? मी त्यांना ठेवून घेतलं.

नाथाजी मलाच पांघरून निजायचा. आठवड्यात तो तापला. डोकं फुटायची वेळ आली, मग हिरड्यांतून रक्त.

सरकारी डॉक्टर चढ चढून आले. "मेलेल्या जनावराला कुणी हात लावला होता का?"

"न्हाई बा," त्याची बायको चंद्राबाई म्हणाली. "म्हस हाय, दोन बैलं हाईत. समदी धडधाकट."

शेजारची लीलाबाई दारातनं म्हणाली, "आवं डाक्टर, जनावरं बरी हाईत. तुमी माणसाचं बघा."

खोटं कुणीच बोललं नाही. मारुतीरायाला जनावर कोण म्हणेल?

पाचव्या दिवशी नाथाजी गेला. त्यानंतर डॉक्टरांना शेंदूर लावलेला मातीचा ढीग दिसला. कुणाचा, विचारलं तेव्हा कळलं. "वानराची गोचीड चावली की हा ताप येतो. मेल्या वानराला शिवू नका," एवढं वाडीला बजावून गेले. वानर कशात गुंडाळलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

मयताचं अंथरूण ओढ्यात गेलं. मला मात्र लेक मनुबाईनं धरून ठेवलं.

"आये, आबाचा वास हाय हिला. मी नेती इट्याला, सासरी."

"ने गं बाई. पोराला ऊब हुईल."

मनुबाई, आठवण न्यायची तर त्याची काठी ने. मला चुलीत घाल. लोकर जळताना लय घाण वास येतो, तेवढा सोस.

पण घोंगडीचं कोण ऐकतं? दुपारच्या एसटीला अजून अवकाश आहे. मनुबाईनं मला सोप्यात अंथरलंय, आणि तिचं तान्हं माझ्यावर गाढ झोपलंय.