एक स्टूल, दोन पाट्या

नाशिकरोड मागे टाकून पुण्याच्या दिशेने निघालं, की हायवेच्या डाव्या अंगाला दीड किलोमीटर नुसती दुकानंच दुकानं लागतात. टायर, बॅटरी, सीट कव्हर, गाड्यांच्या काचा, मध्येच चहा. त्यातल्याच एका सात बाय नऊच्या गाळ्यात निवृत्ती गांगुर्डे, सगळ्यांचे नाना, तीस वर्षं पाट्या रंगवत आले होते. गाड्यांच्या नंबर प्लेटा सरकारी छापाच्या झाल्या आणि ते काम गेलं. पण ट्रकच्या पाठीवरची अक्षरं आणि दुकानांच्या पाट्या अजून नानांच्याच हातच्या लागत.

या रस्त्याची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. गाळे छोटे, म्हणून धंदा सगळा बाहेर फुटपाथवर. आणि फुटपाथवरचा माल उचलून न्यायला अधूनमधून महापालिकेची पिवळ्या दिव्याची पांढरी गाडी येई. ती वळणावर दिसली की पहिला टायरवाला गोरक्ष लोखंडी डिस्कवर पान्हा हाणायचा. टण, टण, टण! दीड मिनिटात बाकडी, टायर, पाट्या, किटली, गिऱ्हाइकासकट सगळं आत. शटर खाली. रस्ता असा, की जणू इथे कधी कुणी शिंकलंसुद्धा नाही. गाडी गेली की दोनदा टण, टण, आणि पुन्हा सगळं बाहेर.

तर या पट्ट्याचा पुनर्विकास करायचं ठरलं. जुनी दुकानं पाडून मोठी इमारत, रुंद फुटपाथ, झाडं, आणि आहे त्या प्रत्येक दुकानदाराला नवा गाळा. आराखडा करायला पुण्याहून स्नेहल नावाची हुशार मुलगी आली होती. तिने सगळ्यांना मंगल कार्यालयात बोलावलं आणि पडद्यावर नकाशा दाखवला. रस्ता होता, विजेचे खांब होते, एक कुत्रासुद्धा होता. दुकान एकही नव्हतं.

"आम्ही तीन वेळा पाहणी केली," स्नेहल म्हणाली. "तिन्ही वेळा या पट्ट्यात एकही व्यवसाय आढळला नाही."

सभागृहात दोनशे दुकानदार एकमेकांकडे बघू लागले.

"पाहणीला कशात बसून आला होता, ताई?" निवृत्तींनी विचारलं.

"साहेबांच्या गाडीतून. पांढरी. पिवळा दिवा आहे ना, तीच."

निवृत्ती हळूच खाली बसले. मग पुन्हा उठले. "पण मी आहे ना. हा काय उभा."

"काका, तुम्ही आहात. पण नकाशात नाही आहात. आणि नकाशात जे दुकान नाही, त्याला नवीन गाळा देता येत नाही."

निवृत्तींनी मनातल्या मनात कागद धुंडाळले. वीजबिल जागेच्या मालकाच्या नावाचं, आणि मालक निफाडला द्राक्षांच्या बागेत. कागदावर त्यांचं स्वतःचं असं काहीच नव्हतं.

"काळजी करू नका," स्नेहल प्रेमाने म्हणाली. "हा पट्टा इतका निर्जन आहे, म्हणून त्यात आपण जीव ओतणार आहोत." तिने पुढचं चित्र लावलं. काचेच्या खोल्यांची रांग होती. एकीत पारंपरिक पाटी-रंगारी, दुसरीत पारंपरिक चहावाली.

"माझा चहा काचंत?" लंकाबाई कडाडली. तिचा चहाचा गाळा निवृत्तींच्या शेजारीच. "मी काय पेढा हाय का?"

"त्या रंगाऱ्याच्या जागेसाठी मला अर्ज करता येईल का?" निवृत्तींनी विचारलं.

"अनुभव?"

"तीस वर्षं."

"अरे वा! कुठे?"

"तिथेच."

स्नेहलने पेन खाली ठेवलं. "पण काका, तिथे तर काहीच नव्हतं ना."

शेवटी मुलगी मनाची चांगली, म्हणून तिने आणखी एक पाहणी कबूल केली. मंगळवारी, अकरा वाजता. "फक्त एवढंच करा," तिने हात जोडले, "आत पळू नका. बसून राहा."

सोमवारी सगळे गोरक्षच्या टायरांपाशी जमले. गोरक्षने सर्वांदेखत पान्हा कपाटात घातला आणि कुलूप लावलं. लंकाबाईने बाकडं नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधून टाकलं. निवृत्तींचा मात्र स्वतःच्या हातांवर भरवसा नव्हता. तीस वर्षांची सवय. त्यांनी मंगळवारी सकाळी स्टूल आणि दोन पाट्या बाहेर मांडल्या, रंगाचे डबे आणि ब्रश पिशवीत घालून खांद्याला लावले, शटर ओढून त्याला कुलूप घातलं, आणि किल्ली लेकीच्या हातात दिली. तेजल एकलहऱ्याला ऑफिसात निघाली होती.

"संध्याकाळपर्यंत परत द्यायची नाही," ते म्हणाले. "मी मागितली तरी."

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"जा तू."

बरोबर अकराला वळणावर पिवळा दिवा चमकला. क्षणभर कुणी हललं नाही. आणि मग टण, टण, टण! पान्हा कुलपात होता, म्हणून गोरक्षने जेवणाचा डबा हाणला होता. भेंडीची भाजी डिस्कवरून ओघळत होती, पण हे बघायला गोरक्ष तिथे नव्हता. लंकाबाईने दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने दोरी कापली आणि बाकडं घेऊन दिसेनाशी झाली. टायर गडगडत आत गेले. शटरं धडाधड पडली.

निवृत्तीसुद्धा स्टूल काखेत मारून शटरापाशी पोचले होते. त्यांनी कुलूप दोनदा हिसकलं. फोन लावला. "तेजू, किल्ली आण!"

"तुम्हीच सांगितलंत, मागितली तरी द्यायची नाही," म्हणून तिने फोन ठेवला.

निवृत्तींना जायला जागाच उरली नाही. ते माघारी आले, स्टूल खाली ठेवलं आणि त्यावर बसले. दीड किलोमीटरच्या रस्त्यावर एकटेच.

गाडी थांबली. स्नेहल उडी मारून उतरली. "साहेब, एक! एक सापडलं!" तिने घाईघाईने वही उघडली. तेवढ्यात मागून दोन माणसं उतरली आणि त्यांनी निवृत्तींच्या दोन्ही पाट्या उचलून गाडीत टाकल्या.

"अहो, आज पाहणी आहे!" स्नेहल ओरडली.

"मॅडम, फुटपाथवर दिसलं की उचलायचं," त्यातला पुंजा म्हणाला. "बावीस वर्षं झाली, हात ऐकत नाय." मग निवृत्तींकडे वळून अदबीने, "नाना, जरा उठता का? स्टूल राहिलं."

निवृत्ती उठले. स्टूल गेलं. पुढे बसलेल्या साहेबांनीही सवयीने पुस्तक काढलं, लिहिलं, शिक्का मारला आणि खिडकीतून पावती पुढे केली. ती स्नेहलने हातात घेतली आणि मोठ्याने वाचली.

"'श्री. निवृत्ती गांगुर्डे, पाटी-रंगारी, यांच्या दुकानासमोरून जप्त. एक स्टूल, दोन पाट्या.'" ती थांबली. "काका! 'दुकानासमोरून' लिहिलंय. शिक्क्यासकट. म्हणजे दुकान आहे!"

तिने तिथेच नकाशा उलगडला, एक ठिपका काढला आणि त्याच्या शेजारी पावतीचा नंबर लिहिला.

शेजारचं शटर चार बोटं वर झालं. "नाना," आतून लंकाबाईचा आवाज आला, "काय म्हनली ती पोरगी?"

"जप्ती झाली की गाळा मिळतो."

शटर धाडकन वर गेलं. लंकाबाई बाकडं ओढत निघाली. "ओ साहेब! थांबा! माझंबी उचला!" तिने किटली चहासकट पुंजाच्या हातात दिली. मग गोरक्ष टायर घेऊन धावला, मग सीट कव्हरवाला. पाच मिनिटांत गाडीला माणसांचा वेढा पडला, आणि साहेब खिडकीतून विनवू लागले, "अहो, रांगेत या! जागा नाही आता! उरलेलं उद्या जप्त करू!"

"उद्या नको, आजच!" सगळे ओरडले.

निवृत्ती बाजूला उभे होते. पावती त्यांनी चौघडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली होती आणि वरून हात धरला होता. एवढ्यात एक ट्रकवाला येऊन थांबला. मागच्या फळीवर नाव घालून हवं होतं.

"नाना, स्टूल कुठंय तुमचं?"

"सरकारजमा आहे," निवृत्ती म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून ब्रश काढला. "उभ्यानेच लिहू. आता घाई नाही."