उत्तरबाबांची सरस्वती आणि पंचवीस ग्रॅम चुनखडी

रविवारी सकाळी नंदनवन वस्तीतल्या मैदानावर जत्रा लोटली होती, आणि जत्रेकरूंच्या हातात नारळाऐवजी रसायनशास्त्राची गाईडं होती. बारावीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि शहरात उत्तरबाबा अवतरलेले.

रीत सोपी होती. गुरुवारी आपलं गणित चिठ्ठीवर लिहून नत्थू या चेल्याकडे द्यायचं. रविवारी बाबा सरस्वतीदेवीचं नाव घेत एक कोरा कागद उंच धरत, तांब्यातलं पिवळं तीर्थ त्यावर शिंपडत आणि कागदावर लालभडक आकडे उमटत. गाईडच्या मागच्या पानाशी ताडून पाहावं, तर उत्तर तंतोतंत.

"मोल म्हणजे काय, बेटा? मूलाधार," बाबा समजावत होते. "अवगद्र ऋषीनं हिमालयात बसून अणू मोजले. विलायतेतल्या लोकाईनं त्याचा अवोगाड्रो केला. तुमचे मास्तर लोक पायऱ्या करत बसते. देवीले पायऱ्या लागत नाही. डायरेक्ट उत्तर."

यावर माना डोलावणाऱ्यांत एक वकील होता आणि एक इंजिनियरही. शिकलेलं अंगी लागतंच असं नाही.

गर्दीच्या मागे प्रेमिला गजभिये उभ्या होत्या. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि नापास झालेल्या पोरांना संध्याकाळी घरी बसवून गणितं करून घेत. बाबा आल्यापासून त्यांची सतरंजी ओस पडली होती. राग त्यांना सगळ्यांचाच आला होता, पण जीव तुटत होता तो जयासाठी. विणकर बाबनरावांची ही लेक रसायनात दोनदा गचकली होती. उमरेडचं स्थळ बघून ठेवलेलं होतं. यंदा नापास झाली की शिक्षण बंद आणि वैशाखात लग्न. जयाला शिकायचं होतं.

"काहून येत नाहीस वं?" त्यांनी मागच्या आठवड्यात तिला रस्त्यातच गाठलं होतं.

"तुमच्याकडे माझं उत्तर चुकते, मॅडम. बाबाचं चुकत नाही."

गोम इथं होती. चुकण्याची भीती इतकी बसली होती की पोरीनं डोकं चालवणंच सोडलं होतं. मॅडमनी तिच्याशी वाद घातला नाही.

"बरं. गुरुवारी हे गणित टाक. दहा ग्रॅम चुनखडी पुरती तापवली, तर प्रमाण तापमानाला आणि दाबाला किती लिटर वायू निघेल? आणि रविवारी कागद ओला व्हायच्या आधी आकडा बदलून सांग. देवीले दहा काय अन् पंचवीस काय."

जया लगेच कबूल झाली. बाबा हरणार नाहीत, याची तिला खात्री होती.

आता तिचं नाव पुकारलं गेलं. नत्थूनं कोरा कागद बाबांच्या हाती दिला.

"बाबा," जया हात जोडून म्हणाली, "दहा नाही, पंचवीस ग्रॅम धरा."

बाबांचा हात तांब्यातच राहिला. नत्थू आपल्या पायांकडे पाहू लागला.

"देवीपुढं आकडा बदलत नसते, बेटी."

"पेपरात तर तो बदलूनच येते, बाबा," मॅडम मागून म्हणाल्या. "शिंपडा."

लोकही शिंपडा, शिंपडा म्हणू लागले, तेव्हा बाबांचा नाइलाज झाला. कागदावर उमटलं: २.२४ लिटर.

"बरोबर हाये का वं, जया?" मॅडमनी विचारलं.

जयानं बोटांवर हिशेब केला. मग अडखळत बोलू लागली, "शंभर ग्रॅम चुनखडी म्हणजे एक मोल. त्यातून बावीस पूर्णांक चार लिटर वायू निघते. पंचवीस ग्रॅम म्हणजे पाव मोल. म्हणजे पाच पूर्णांक सहा." ती कागदाकडे पाहतच राहिली. "देवी चुकली, मॅडम."

"देवी कुठची? दहा ग्रॅमचं उत्तर नत्थूनं आधीच लिहून ठेवलं होतं." मॅडम पुढे आल्या आणि समोरच्या बायांकडे वळल्या. "हळदीचा डाग पडलेलं लुगडं साबणानं धुतलं, तर काय होते?"

"लाल होते," दोघीतिघी म्हणाल्या.

मॅडमनी पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि बाबांच्याच तांब्यातलं तीर्थ त्यावर शिंपडलं. लाल अक्षरं उमटली: ढोंग. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं लिहिलं आणि वाळू दिलं की काही दिसत नाही, त्यांनी सांगितलं. वरून हळदीचं पाणी पडलं की तेच लाल होतं. तीर्थ म्हणजे हळदीचं पाणी, बाकी काही नाही.

बाबांना एकाएकी सावनेरच्या भक्तांची हाक ऐकू आली. तांब्या तिथंच टाकून ते नत्थूसकट रिक्षात बसले. वकीलसाहेब आपल्याला पहिल्यापासून संशय होता, असं शेजाऱ्याला सांगू लागले.

बाबनराव लेकीजवळ आले. "चाळीस ग्रॅम असती तर?"

जयानं खापरीनं जमिनीवर मांडलं. एकदा चुकली, पायानं पुसलं, पुन्हा मांडलं. "आठ पूर्णांक शहाण्णव."

बाबनरावांनी मॅडमकडे पाहिलं. "बरोबर हाये का, बाई?"

"मले नका विचारू. काहून बरोबर हाये, ते तिलेच विचारा."

जयानं बापाला पायरीपायरीनं सांगितलं. त्यांना त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण आपली पोर न अडखळता बोलते आहे, हे कळलं.

"उमरेडवाल्याईले थांबा म्हणतो," ते म्हणाले. "यंदा निकाल काही का लागेना."

वाचकहो, उत्तर देणाऱ्याच्या पाया पडण्याआधी त्याच्या गणितातला एक आकडा बदलून पाहा. खरं ज्ञान नव्या आकड्यालाही पुरतं, उसनं तिथंच उघडं पडतं. आणि आपल्या पोरांना चुकू द्या. चुकलेली पायरी शोधून दुरुस्त करता येते. शिंपडून मिळालेल्या उत्तरात शोधायला काहीच नसतं.