लाल पट्ट्यावरची कात्री

मी एक जुना लाल सीटबेल्ट आहे. हसू नका, मित्रांनो. आमच्या कुळात एकदा खरं काम केलं की म्हातारपण येतं.

माझी गाडी राहनाळच्या भाविकची. बसकी, लाल, वाऱ्याशी शर्यत लावणारी. दसऱ्याला इंजिनाला हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हार! माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. भाविक मला फक्त पोलीस दिसला की ओढायचा.

एकदा मात्र त्याच्या मोठ्या बहिणीने, आक्काने, दारातच अडवलं, "पट्टा लाव, न्हाय तं चावी दे इकडं." त्याच दिवशी अकलोलीच्या वळणावर गाडी झाडावर आदळली. इंजिनाची सगळी मस्ती तिथेच उतरली. मी मात्र अंगातला धागा न् धागा ताणून भाविकला धरून ठेवलं. तो आपल्या पायांनी बाहेर आला. अभिमान का वाटू नये मला?

गाडी कामतघरला फखरुद्दीनचाचांच्या दुकानात आली. पूर्वी त्यांचे कापड विणायचे लूम होते. आता ते ठोकलेल्या गाड्या खोलून भाग विकतात. इंजिन गेलं, चाकं गेली. मी मात्र गिऱ्हाइकाला घाबरत होतो. वरून मी नवाकोरा, पण पुन्हा कुणाला धरायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

शेवटी हितेश नावाचा एक जण आलाच. "चाचा, हा लाल बेल्ट द्या. बायकोच्या सीटला मॅच होईल."

"घे की, झकास हाय," म्हणत चाचा मला पिशवीत कोंबू लागले. मी ओरडणार तरी कसा?

तेवढ्यात चाची, शकिला, चहा घेऊन आल्या. लूमवाल्या घरची सवय. त्यांनी मला दोन बोटांत धरून अंगठा फिरवला आणि त्या थबकल्या.

"अहो, ह्याचा ताणा गेलाय, उभे धागे सैल पडलेत. असं कापड लूमवरून उतरलं असतं तं व्यापाऱ्याने तोंडावर फेकलं असतं. आन् ह्याच्या भरवशावर बाई बसायची हाय!"

चाचांनीही अंगठा फिरवला. मग कात्री घेतली. कचकन माझे दोन तुकडे झाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढे भाविक गाडीत राहिलेलं सामान न्यायला आला, तेव्हा चाचींनी एक तुकडा त्याच्या हातात दिला. त्याच्या घरी आता गाडी नाही. ह्या दसऱ्याला आक्काने हळदकुंकू वाहिलं ते मलाच.

मित्रांनो, इंजिनाला खुशाल हार घाला. पण आधी मला ओढून घ्या; आणि एकदा मी कुणाला वाचवलं, की माझ्यावर कात्री चालवायला कचरू नका.