गहिनीनाथाच्या मिशा

मिस लिंडक्विस्ट हे नाव नगरमध्ये कोणाच्याच तोंडात मावलं नाही, म्हणून सगळे त्यांना लिनबाई म्हणत. अमेरिकेतल्या मिनेसोटा नावाच्या बर्फाळ मुलखातून त्या बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायला आल्या होत्या. एकाहत्तरची दिवाळी आली तेव्हा त्यांना इथे येऊन सहा वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांना ठेच्याबरोबर भाकरी खाता येऊ लागली, मांडी घालून बसता येऊ लागलं आणि मराठीही येऊ लागली. पण ती मराठी त्यांना शिकवली शामकांतशास्त्री नावाच्या वृद्ध पंडितांनी. त्यामुळे लिनबाई भाजीवालीलाही, "आपली मेथी आज किंचित म्लान दिसते," असं म्हणत. भाजीवालीला वाटे, बाई शाप देताहेत.

शाळेतल्या मुलांना मात्र या मराठीचा काही त्रास नव्हता, कारण मुलं ती ऐकतच नव्हती. ती ओठ बघत. लिनबाई मुलाला आरशासमोर बसवीत, त्याचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवीत आणि 'प' म्हणताना तोंडापुढची कागदाची पट्टी कशी उडते ते दाखवीत. हे सारं दिवसातून इतक्या वेळा चाले की रात्री झोपेतही त्यांचे ओठ 'प, प' करत असावेत. वर्गात हातवाऱ्यांना बंदी होती. पण बाईंची पाठ वळली की मुलांच्या हातांना अशी काही वाचा फुटे की विचारू नका.

या मुलांत राहात्याकडची राही नावाची नऊ वर्षांची मुलगी होती, आणि ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फाटकाबाहेर दोन बायका भांडत असल्या तर राही खिडकीतून बघे आणि कोण कोणाला काय म्हणालं ते आपल्या जाड्या, अडखळत्या आवाजात वर्गाला सांगे. लिनबाईंना काही शब्द कळत नसत. त्या सहशिक्षक शांतवन मास्तरांना अर्थ विचारीत. मास्तर इथलेच, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांना अर्थ चांगले ठाऊक असत आणि म्हणूनच ते सांगत नसत.

दिवाळीच्या सुटीसाठी पालक मुलांना न्यायला आले, त्या दिवशी ही गोष्ट सुरू झाली. एक मुलगी धावत वर्गात आली. कोण आलंय, असं बाईंनी विचारताच तिने राहीकडे बोट दाखवलं आणि वरच्या ओठावरून दोन्ही हातांनी भल्यामोठ्या मिशांना पीळ दिला. बाईंनी हातवाऱ्यांबद्दल डोळे वटारले खरे, पण निरोप बरोबर होता. राहीचा बाप गहिनीनाथ दारात उभा होता.

गहिनीनाथाच्या मिशा राहाता पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या. पडवीवरून उसाच्या पाचटाचं छप्पर जसं खाली उतरतं, तशा त्या ओठांवरून उतरल्या होत्या. चहा पिताना तो त्या डाव्या हाताने वर धरी.

"बाई," तो म्हणाला, "पोरीला घिऊन चाललो. आता काय परत आनायचो न्हाई."

लिनबाईंच्या हातातली पट्टी खाली पडली. "का बरे?"

"तुमी काय म्हनला हुता? दोन वर्सांत पोरीला माझं बोलनं कळंल."

"होय. तसे मी म्हणाले होते."

"कळंना! गेल्या सुट्टीत मी बगितलं की. आईचं कळतं. आज्याचं कळतं. यष्टीतल्या कंडक्टरचं कळतं, त्यो तर कुनालाच कळत न्हाई! आन बाप बोलाया लागला की नुसती बगत ऱ्हाती, म्हशीवानी." बोलता बोलता त्याचा आवाज जरा घसरला. "माज्याशीच काय वैर हाय का तिचं? मंग साळा कशाला? ऱ्हाईल घरी, शेरडं राखील."

त्याने राहीकडे वळून काहीतरी म्हटलं. काय म्हटलं, ते कान शाबूत असलेल्या लिनबाईंना कळलं, कारण त्यांना ऐकू आलं. राहीला दिसल्या त्या मिशा. त्या नुसत्या वरखाली झाल्या. राही बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, मग बाईंकडे बघू लागली आणि तिचे डोळे भरून आले. परत न आणण्याची गोष्ट तिने बाईंच्या 'का बरे' वरूनच ओळखली होती.

आणि लिनबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओठच दिसत नाहीत, तर पोरगी वाचणार काय! इतकं सोपं कारण सापडल्याचा त्यांना एवढा आनंद झाला की त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "गहिनीनाथराव, उपाय अत्यंत सुलभ आहे! आपण आपल्या मिशा काढून टाकाव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे."

वर्गात बसलेले बाकीचे पालक एकमेकांकडे बघू लागले. शांतवन मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ते प्रार्थना करत असावेत.

गहिनीनाथ काळानिळा झाला. "बाई," तो सावकाश म्हणाला, "माझा बाप जित्ता हाय."

"हे ऐकून फार संतोष झाला," लिनबाई मनापासून म्हणाल्या. "त्यांची प्रकृती कशी आहे?"

गहिनीनाथाने मुलीचं मनगट धरलं, तिची पत्र्याची पेटी उचलली आणि मागे न बघता तो निघून गेला.

शांतवन मास्तरांनी लिनबाईंना शेवटी समजावून सांगितलं. "बाई, आमच्याकडे बाप मेला की मुलगा मिशा काढतो. बाप जिवंत असताना काढा म्हणणं म्हणजे..."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही सगळ्यांदेखत त्याचा बाप मारलात. तोही दिवाळीच्या तोंडावर."

लिनबाई खुर्चीत बसल्या. सहा वर्षांत त्यांनी पुष्कळ चुका केल्या होत्या. एकदा त्या लग्नाला पांढरी साडी नेसून गेल्या होत्या. पण माणूस मारला नव्हता. "थोड्या कातरल्या तर?" त्यांनी क्षीणपणे विचारलं.

"मग लोक म्हणतील, पैज हरला."

"मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली पाहिजे. आणि राहीला परत आणले पाहिजे."

"जाऊ की," मास्तर म्हणाले. "फक्त एक करा बाई. बोलताना त्याच्या मिशांकडे बघू नका."

दोन दिवसांनी ते दोघं एसटीने राहात्याला उतरले आणि पेरूच्या बागांमधून चालत गहिनीनाथाच्या वस्तीवर गेले. अंगणात बाजेवर एक वाळका, तरतरीत म्हातारा पेरू खात बसला होता. दात थोडे असल्यामुळे तो पेरूशी बराच वेळ झटत होता. हा गहिनीनाथाचा बाप, बन्सीआबा. त्याच्या स्वतःच्या मिशा वयाप्रमाणे विरळ होऊन आठ-दहा केसांवर आल्या होत्या.

"तूच का ती?" आबाने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मला मारनारी?"

"मी आपली अत्यंत अपराधी आहे," लिनबाई हात जोडून म्हणाल्या.

"बस, बस. मेल्यावर कुनी इतकं गोड बोलत न्हाई." त्याने त्यांना पेरू दिला. "आता सांग, त्या मिशांचं काय?"

बाईंनी सगळं सांगितलं. गहिनीनाथ गोठ्याशी, सगळ्यांकडे पाठ करून उभा होता. त्याची बायको मुक्ताबाई दारातून म्हणाली, "खरंच हाय ते. मला तरी कुठं कळतं ह्यांचं? मी अंदाजानं सौंसार केला."

राही मध्येच बसून एकेकाच्या ओठांकडे बघत होती. बापाने मात्र तिच्याकडे तोंड वळवलं नव्हतं.

आधी न काढता काही जमतं का, ते बघायचं ठरलं. मुक्ताबाईने मिशांना तूप लावून, पीळ देऊन त्या वर उभ्या केल्या. गहिनीनाथ राहीसमोर बसला. पहिल्या दोन शब्दांपर्यंत मिशा राहिल्या, तिसऱ्याला डावी खाली आली. मग त्याने दोन्ही हातांनी मिशा वर ओढून धरल्या. त्यात ओठही वर गेले, दात बाहेर आले, आणि राही लोळून हसू लागली. शांतवन मास्तर विहीर बघायला म्हणून बाजूला गेले. तिथे ते बराच वेळ होते.

गहिनीनाथ तुपाचे हात धोतराला पुसत उठला. "पुरं झालं. ऱ्हाऊ दे पोरीला घरी."

राहीने ते वाचलं नाही, पण बाईंचा चेहरा वाचला. तिचं हसू थांबलं. ती उठली, घरात गेली आणि आपली पत्र्याची पेटी बाहेर आणून बाईंच्या पायाशी ठेवून तिच्यावर बसली.

बन्सीआबाने पेरू खाली ठेवला. "गहिन्या, काढ."

"काय?"

"मिशी काढ."

"आबा! लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, बन्सी गेला. मी हितं बसतो. इचारू दे मलाच."

"आन तुमास्नी काय झालं म्हंजी?"

"मला सत्तरी कवाच सरली. काय व्हायचं ते तुज्या मिशीला इचारून व्हनार हाय व्हय? न्हाव्याला बोलीव."

नाभिक आला, त्याने वस्तरा उघडला आणि आबाला बघून मिटला. "बन्सीआबा, तुमी आधी जावा, मग मी त्याच दिवशी येतो," तो अदबीने म्हणाला. "जित्त्या बापाच्या पोराला मी हात लावायचो न्हाई." वस्तरा तेवढा ठेवून तो धूम पळाला.

"आन तो वस्तरा," आबा म्हणाला. "जल्म मी दिला, मिशी बी मीच काढतो."

उजवी बाजू झाली तेव्हा गहिनीनाथाला तीन ठिकाणी लागलं होतं आणि आबाला दम लागला होता. अर्ध्या मिशीचा गहिनीनाथ इतका भयंकर दिसत होता की कुत्रं भुंकू लागलं. लिनबाईंनी पुढे होऊन मदत करू का, असं विचारताच तो म्हणाला, "नगं, तुमी जागेवरच बसा," आणि उरलेली बाजू शांतवन मास्तरांनी उरकली.

गहिनीनाथ तोंड धुऊन राहीसमोर आला. मिशांखाली इतकी वर्षं ऊन न लागलेली कातडी गोरी राहिली होती, जणू तोंडाला चुन्याचा पट्टा ओढलाय. राही घाबरून आईच्या मागे गेली. आईने तिला पुढे ढकललं.

तो उकिडवा बसला, घसा खाकरला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द रबरासारखा ताणत म्हणाला, "राऽऽ हीऽऽ! तुऽऽ लाऽऽ! साऽऽ ळाऽऽ! पाऽऽ यजेऽऽ काऽऽ?"

राही बघत राहिली. तिला काही म्हणजे काही कळलं नाही.

मास्तरांनी हातातला वस्तरा मिटला. गहिनीनाथाने आपल्या मोकळ्या ओठांवरून हात फिरवला, तो बापाकडे अर्धवट वळला आणि नेहमीसारखा कुरकुरला, "बगा आबा. मिशी गेली आन माकड झालं माजं, ह्या गोऱ्या बाईपायी."

"माकड!" राही किंचाळली.

सगळे दचकले. राही बापाच्या तोंडाकडे बोट दाखवून हसत होती. "बाबा! माकड! गोऱ्या बाईमुळे!"

गहिनीनाथ पुन्हा तिच्याकडे वळला. "कळलं तुला?" तो हळूच म्हणाला. अगदी साधं, जसं कोणाशीही बोलावं तसं.

"कळलं," राही म्हणाली.

"ओरडू नये, ताणू नये," लिनबाई म्हणाल्या, "केवळ नित्याप्रमाणे बोलावे, हे सांगावयाचे माझ्याकडून राहून गेले." पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गहिनीनाथ पोरीला विचारत होता, जेवलीस का, शेरडाला पिल्लू झालं ते बघितलंस का, तिथं तुला कुणी मारतं का. आणि राही प्रत्येकाला उत्तर देत होती.

तेवढ्यात बांधावरून रडण्याचा आवाज आला. शेजारच्या वस्तीवरच्या आक्काबाईने गहिनीनाथाचं तोंड लांबून बघितलं होतं. पदर डोळ्यांना लावून ती अंगणात शिरली. "अगं बाई गं! बन्सीदादा, असा कसा रं गेलास! सोन्यासारखा मानूस! कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई..."

"कुठं गेलो?" बाजेवरून आबा म्हणाला. "हितंच बसलोय."

आक्काबाईने पदर खाली घेतला. "जित्ता हायेस?"

"हाय."

"मंग मला रडवलं कशापायी मुडद्या? चुलीवर दूध ठेवून आले मी!"

"दूध गेलं आता. तू पुढं बोल. सोन्यासारखा, आन अजून काय?"

"अजून काय न्हाई! बांधाची माती उकरनारा मेला!"

दोघांची जुनी भांडणं वर निघाली. राही त्यांचे ओठ बघत होती. तिला शब्द कळले, पण प्रकार समजेना, तेव्हा तिने बापाचा सदरा ओढून विचारलं, "आबा कुठे गेले?" आणि गहिनीनाथ तिला, तोंड तिच्याकडे करून, मिशा, मरण आणि आक्काबाई हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगू लागला.

एसटीची वेळ झाली तेव्हा तो बाईंना बांधापर्यंत सोडायला आला. दिवाळी झाली की पोरीला आणून घालतो, असं म्हणाला. मग जरा घुटमळला.

"बाई, ह्या आता अशाच ठेवायच्या का? का वाढल्या तरी चालतंय?"

"वाढू देऊ नयेत," लिनबाई म्हणाल्या. "आठवड्यातून दोन वेळा काढल्या की पुरे."

बाजेवरून आबा ओरडला, "म्हंजी आठवड्यातनं दोनदा मरायचं का मी?"

"मर की!" आक्काबाई म्हणाली. "पर मी काय दर बारीला रडाया यायची न्हाई, आदीच सांगते."