एका ओळीपुरती दोरी

मी अंबाडीची दोरी बोलतेय. राजूरजवळच्या एका वाडीत सहादूबाबांनी मला मांडीवर वळलं, वासराला बांधायला. वासराचा बैल झाला, त्याला जाड कासरा आला अन् मी खुंटीवर गेले. मला विचारतो कोण!

सत्तर सालच्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बाबांच्या सुनेनं, मनकर्णानं मला खाली काढलं. आमच्याकडं आवणी सावडीनं होते. साऱ्या बाया आज एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. म्होरकी लंकाबाई. तिच्या हाताखाली कंबर सरळ करायची सोय नव्हती. दिवस मावळायच्या आत खाचर भरलंच पाहिजे, नाहीतर दुसरीची पाळी हुकते.

मनकर्णानं सरकारी शेतावर सरळ ओळींतला भात पाहिला होता. निंदायला मध्ये पाय ठेवता येतो, हे तिच्या मनात बसलेलं. आपल्या पाळीला तिनं मला चिखलावर ताणलं.

"भात काय लुगडं हाय व्हय, दोरीवर घालायला?" बनुबाई म्हणाली. मला असा राग आला म्हणता!

पण फजितीच झाली. दर ओळीला मला उचलायचं, पुन्हा ताणायचं, तोवर साऱ्या बाया नुसत्या उभ्या. दिवस मावळला तरी अर्धं खाचर रिकामंच. उद्यापासून बनुबाईची अन् मग बाकीच्यांची पाळी. तोवर मनकर्णाची रोपं जून होऊन वाया जाणार. तिच्या घरचा वर्षाचा भात होता तो. ती बांधावर बसून रडली.

लंकाबाई लावलेल्या ओळींकडं बघत राहिली. "वळी ब्येस हायेत," ती म्हणाली. "आपन दोरीची वाट बघत बसलो, तितं चुकलं. उद्या उजाडता समद्या हितंच या. मग बनुबाईकडं."

बनुबाई कुरकुरली, पण आली. लंकाबाईनं मला एकदाच ताणलं. आवणी मागं सरत करतात, लावलेली ओळ डोळ्यांपुढंच असते. त्या ओळीकडं बघत बाया पुढची लावत गेल्या. उन्हं चढायच्या आत खाचर भरलं, अन् बनुबाईचंही त्याच दिवशी उरकलं. म्हणजे मी एका ओळीपुरतीच! जरा वाईट वाटलं.

निंदणीत मनकर्णाचं खाचर सगळ्यांआधी झालं. तेव्हा लंकाबाईनं सावडीला नेम घालून दिला. दरसाल खाचराचा एक तुकडा काही नवं करून बघायला ठेवायचा, अन् फसला तर निस्तरायला साऱ्यांनी यायचं.

आता मी विरलेय. यंदा तो तुकडा बनुबाईनं मागून घेतलाय. मूठभर रोपांऐवजी दोन-दोनच काड्या लावून बघते म्हणते. बाया हसताहेत. मनकर्णा तेवढी हसत नाही.

हसा गं बायांनो, हवं तेवढं हसा. फसलं, तर उद्या उजाडता या म्हणजे झालं.